घरी पाठ असतं, पेपरात आठवत नाही

दहावीच्या मुलांचे आईबाबा येतात तेव्हा बऱ्याचदा तक्रार हीच असते, "मॅडम, घरी घडाघडा म्हणून दाखवतो आणि पेपरात ब्लँक होतो, मेमरीसाठी एखादं टॉनिक असतं का हो?"

असाच एक मुलगा आलेला (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). वह्या आणायला लावल्या होत्या. गणितात रीत बरोबर पण मधेच वजाचं चिन्ह गायब, 7 चा 1 झालेला, मग उत्तर चुकणारच. रात्री लिहिलेली पानं तर लगेच ओळखू येत होती, अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं, एका ठिकाणी शब्द अर्धाच आणि पुढे पेनाची लांब रेघ. म्हटलं तेच गणित आत्ता सोडव बघू. रविवार दुपार होती, साहेब अकराला उठून आलेले, पठ्ठ्याने बिनचूक सोडवलं!

मग दिवसाचं विचारलं. साडेसहाला व्हॅन, सातची शाळा, संध्याकाळी क्लास, घरी यायला नऊ, जेवण, होमवर्क, मग "दहाच मिनिटं" रील्स, झोपायला साडेबारा. आणि पहाटे साडेचारला बाबा उठवणार, कारण पहाटे पाठांतर चांगलं होतं आणि त्यांनीही तशीच दहावी काढली. विचारलं, तुम्ही झोपायचात कधी? तर म्हणे गावाला लाइटचा पत्ता नसायचा, साडेआठला सगळे आडवे. म्हणजे यांची आठ तास, पोराची चार.

या वयात 8 ते 10 तास झोप लागते. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, त्यातली स्वप्नांची झोप जास्त करून पहाटेकडे असते, आणि बाबा नेमकी तीच कापत होते. झोप कमी पडली की लक्ष तर सगळ्यात आधी ढळतं, वजाची चिन्हं तिथेच हरवतात. आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) उशिरा वाढतं, म्हणून साडेनऊला झोप येत नाही, तो आळस नसतो. गंमत बघा, आपल्या महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये शाळा नऊच्या आधी नको म्हटलं ते चौथीपर्यंतच्यांसाठी, ज्यांचं घड्याळ खरंच उशिरा चालतं ती मोठी पोरं सातलाच. कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाही.

आपल्याला व्हॅनची वेळ बदलता येणार नव्हती. मग पहाटेचा अभ्यास बंद, पाठांतर दुपारी शाळेतून आल्यावर वीसेक मिनिटं डुलकी काढून, क्लासनंतर फक्त लिखाण, फोन हॉलमध्ये चार्जिंगला (आईबाबांचाही, यावर जरा वाद झाला). झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत साडेदहापर्यंत, रविवारी फार तर आठला उठायचं. पहिला आठवडा तो नुसता लोळत होता आणि बाबांचे फोनवर फोन, मॅडम अभ्यास बुडतोय.

घोरणं, पुरेसं झोपूनही दिवसभर गळून जाणं किंवा बरेच दिवस उदास वाटणं असेल तर मात्र नुसत्या टाइमटेबलवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. याचं तसं काही नव्हतं. महिन्याभराने आई म्हणाली, उठवताना आता भांडण होत नाही. युनिट टेस्टला गणितात मार्क वाढले, इतिहासात तेवढेच, पण इतिहास तो मुळात वाचतच नाही, त्याला झोप तरी काय करणार.