ओरिएंटेशन: दिशा, अभिमुखता की कल?

प्रश्न असा आहे: डिजिटल चित्रातल्या बारीक बारीक तुकड्यांचं ‘लोकल ओरिएंटेशन’, म्हणजे तिथल्या रेघा उभ्या, आडव्या की तिरप्या, हे मोजणारे फिल्टर (गणिती साचे) असतात. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना ‘स्थानिक दिशा’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. दिशेला टोक असतं. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे या दोन दिशा झाल्या, पण पूर्व-पश्चिम आखलेली रेघ एकच. बोटाच्या ठशाचा छोटा तुकडा मोठा करून पाहा. रेघा तिरप्या आहेत हे लगेच दिसतं. त्या कुठून निघून कुठे चालल्या आहेत, या प्रश्नाला तिथे अर्थच नाही. ३० अंश आणि २१० अंश तिथे एकच. दिशेला ३६० अंश लागतात, इथे १८० अंशांत फेरी पुरी होते.

‘अभिमुखता’ही इथे बसत नाही. त्यात मुख आहे. अँटेनाला ते शोभेल, रेघेला तोंड नसतं.

खरं तर ही कल्पना मराठीत केव्हाची रुळलेली आहे: उभा, आडवा, तिरपा. ‘आडवी रेघ मार’ म्हटल्यावर कुठल्या टोकाकडे, असं कुणी विचारत नाही. अडतं ते फक्त नामापाशी, आणि तिथे मी ‘कल’ सुचवीन. निवडणुकीचा कल आठवेल खरा, पण ‘रेघेचा कल’ म्हटल्यावर घोटाळा होत नाही. डावीकडे कललेली रेघ अर्धी फेरी फिरवा, ती डावीकडेच कललेली राहते. नेमकं हेच हवंय.

‘दिशा’ ग्रेडियंटसाठी, म्हणजे चित्रातला उजेड कुठल्या बाजूला वाढत जातो ते सांगण्यासाठी, राखून ठेवावी. ग्रेडियंट अंधाराकडून उजेडाकडे जातो, त्याला बाण आहे. चित्राची निगेटिव्ह केली की तो बाण उलटतो. अंधार-उजेड जिथे भेटतात त्या कडेचा कल मात्र जागचा हलत नाही.

हा भेद हिशेबातही नडतो. २ अंश आणि १७८ अंश या दोन्ही रेघा जवळजवळ आडव्या, पण सरळ सरासरी काढली तर ९० येते, म्हणजे चक्क उभी रेघ! म्हणून आधी कोन दुप्पट करतात: ४ आणि ३५६. या दोन कोनांचे बाण काढून बेरीज केली की ० अंशाचा बाण मिळतो. त्याचं निम्मं शून्यच, म्हणजे आडवी रेघ. ही युक्ती मला फार आवडते.

‘फिल्टर’ तसाच ठेवावा. ‘गाळणी’ म्हटलं की चहाच आठवतो. हव्या त्या कोनात वळवता येणाऱ्या ‘स्टिअरेबल फिल्टर’ला ‘वळता फिल्टर’ म्हणता येईल. फ्रीमन आणि एडलसन या संशोधकांनी १९९१ साली अशा फिल्टरची नीट मांडणी केली. गाउसियनच्या (घंटेच्या आकाराच्या वक्राच्या) पहिल्या डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे त्याच्या चढउताराचे, आडवा आणि उभा असे दोनच फिल्टर घ्यायचे, एकाला कोनाचा कोसाइन आणि दुसऱ्याला साइन लावून बेरीज करायची, की हव्या त्या कोनाचा फिल्टर तयार.

मग वाक्य असं होईल: ‘वळत्या फिल्टरनं ठशातल्या प्रत्येक ठिकाणचा कल काढला.’