पहिल्या हरणाआधी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणाच्या शिकारीचा पहिलाच सीझन ना? मग कॅमो (झाडीत मिसळून जाणाऱ्या रंगांचं) जॅकेट आणि महागड्या दुर्बिणीची यादी सध्या बाजूला ठेव. नवे लोक तिथेच पैसे घालवतात आणि नेमबाजीचा सराव राहून जातो. चांगले गरम बूट घे, उरलेले पैसे काडतुसांवर आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, खर्च कर. तुझा जन्म १९७३ नंतरचा, म्हणजे हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचा, कोर्स आधी करावा लागेल.

- रायफल कायम भरलेलीच समज. हरणाच्या मागे काय आहे ते दिसत नसेल, तर गोळी झाडायची नाही.
- बंदुकीच्या सीझनमध्ये कमरेवरचे निम्मे तरी कपडे भडक केशरी किंवा गुलाबी हवेत, टोपीसुद्धा. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, निर्धास्त राहा.
- मचाणावर चढताना जमिनीपासूनच हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा) बांध. रायफल रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांब आणि पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीवर नेम धर. रेंजवर जेवढ्या अंतरावरून दर वेळी नेम लागतो, त्यापलीकडे जाऊ नकोस. गोळी लागल्यावर लगेच धावू नकोस, अर्धा तास बस. मग पाचोळा बघ: गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच असेल. हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात लागली आहे. तासन्‌तास थांबावं लागतं, अनुभवी माणसाला बोलाव. पण शोध सोडायचा नाही.

सोलणं, मांस कापणं नंतर शिकवतो.