‘मदत हवी’ असं लिहिलं तर प्रवेश जाईल का?

“मॅडम, त्या रकान्यात आपण ‘नको’च टाकू. एकदा पोरगी आत गेली की पैशाचं बघता येईल. अर्धा एकर काढायची माझी तयारी आहे.”

ऋतुजाचे वडील, अप्पा, हे बोलले तेव्हा ती मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. (नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही.) गोष्ट ऑगस्ट 2024 ची. निफाड तालुक्यातलं कुटुंब, साडेतीन एकर द्राक्षबाग. मुलगी बारावी विज्ञानाला, दहावीपासून गणितात पहिली, अमेरिकी कॉलेजांसाठीच्या सॅट परीक्षेचा स्कोअर उत्तम. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठात पदवीचं शिक्षण घ्यायचं तिच्या मनात होतं. अर्जात प्रत्येक कॉलेज विचारतं, आर्थिक मदतीसाठी अर्ज करणार का? ‘हो’ लिहिलं की अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला पडतो, असं शहरातल्या एका एजंटाने त्यांना सांगितलं होतं.

मुलांना परदेशी कॉलेजांचे अर्ज भरायला मदत करताना हा प्रश्न मला दर हंगामात ऐकावा लागतो. उत्तर देताना मी एक गोष्ट आधीच कबूल करते, एजंटाचं म्हणणं अर्धं खरं आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांकडे परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी ठरावीक रक्कम असते. तिथल्या सरकारची मदत आपल्या मुलांना मिळत नाही, त्यामुळे जे द्यायचं ते कॉलेजच्या खिशातून. दोन अर्ज तोडीस तोड असतील, तर कमी मदत लागणारा पुढे जाण्याची शक्यता जास्त. हे मी लपवत नाही. मोजक्या संस्था मात्र परदेशी अर्जाचा निर्णय घेताना पैशाची गरज बघतच नाहीत, आणि प्रवेश दिला तर गरजेइतकी पूर्ण मदत देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यातली नावं. ब्राउनही अलीकडे त्यात आलं. तिथे ‘हो’ लिहिल्याने काडीचाही फरक पडत नाही. अडचण वेगळीच असते. एमआयटीत शंभर अर्जांमागे चार-पाच जणांना जागा मिळते आणि परदेशी मुलांमध्ये त्याहूनही कमी.

हे सगळं सांगून झाल्यावर अप्पा म्हणाले, “म्हणजे ‘नको’च लिहायला पाहिजे ना?”

मग मी कागद घेतला. अशा कॉलेजांचा शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा सगळा खर्च तेव्हा वर्षाला 85 ते 95 हजार डॉलर होता. 90 हजार धरले तर तेव्हाच्या भावाने 75 लाख रुपये. चार वर्षांचे तीन कोटी. अप्पांनी आकडा बघितला आणि पेन माझ्याच हातात आहे ना, याची खात्री करावी तसं माझ्याकडे बघितलं. अर्धा एकर विकून पहिलं सत्रही निघालं नसतं.

“तिथं काम करेल की थोडं,” ते म्हणाले.

विद्यार्थी व्हिसावर शिकवणीच्या काळात आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, तेही कॉलेजच्या आवारात. त्यातून पुस्तकं, कपडे, कधीमधी बाहेरचं जेवण निघतं. फी निघत नाही. आणि कर्ज म्हणाल, तर शेतजमीन तारण घ्यायला बऱ्याच बँका तयार नसतात.

‘आत गेल्यावर बघू’ हे का चालत नाही, ते मी एका मुलाकडून शिकले. काही वर्षांपूर्वी अंबड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा माझ्याकडे होता. घरच्यांनी सगळीकडे ‘नको’ लिहायचं ठरवलं. मी एकदा समजावलं, त्यांनी ऐकलं नाही आणि मी गप्प बसले. मार्चमध्ये मुलाला खरंच प्रवेश मिळाला. घरी पेढे वाटले. मग कॉलेजने पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढी रक्कम दाखवणारं बँकेचं पत्र मागितलं, कारण त्याशिवाय ते आय-20, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र, देऊ शकत नाहीत आणि आय-20 नसेल तर व्हिसाचा अर्जच होत नाही. आम्ही मदतीसाठी लिहिलं. नम्र उत्तर आलं: अर्जाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षं ती मागता येत नाही. बहुतेक ठिकाणी हाच नियम आहे, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर आधीपासून लिहिलेला होता. मुलगा सीईटी देऊन पुण्यात इंजिनीअरिंगला गेला, छान शिकतोय. पण एप्रिल-मे महिन्यात ते घर काय सोसत होतं, ते मी पाहिलं आहे. तेव्हा मी पुरेशा जोराने बोलले नाही, ही माझी चूक.

म्हणून अप्पांना मी या वेळी स्पष्ट सांगितलं, “न परवडणारा प्रवेश मिळाला काय आणि न मिळाला काय, सारखंच. आपण सगळीकडे ‘हो’ लिहायचं. आणि हो लिहून जिथे दार उघडं राहतं, अशीच कॉलेजं निवडायची.”

ऋतुजाने तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. “अप्पा, मला जमीन विकून जायचंच नाहीये.” ती आधी हे घरी कधी बोलली नव्हती, असं नंतर तिच्या आईकडून कळलं.

यादी बनवायला तीन आठवडे गेले. एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट तिच्या हट्टाखातर. बाकी अशी कॉलेजं, जी अर्ज बघताना गरज लक्षात घेतात, पण एकदा प्रवेश दिला की त्यांनी स्वतः ठरवलेली गरज पूर्ण भागवतात: स्मिथ, माउंट होल्योक, आयोवातलं ग्रिनेल, मिनेसोटातलं मॅकॅलेस्टर. ही नावं अप्पांनी ऐकलेली नव्हती. “नाव नसलेल्या कॉलेजात कशाला?” या त्यांच्या शंकेवर मी ग्रिनेलच्या आजूबाजूच्या मक्याच्या शेतांचे फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत बसले. ओळी किती लांब आहेत, पाणी कुठून येतं, विचारत होते.

खरं काम पुढे होतं. मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो. आकडे रुपयांत भरता येतात, एवढाच काय तो दिलासा. बाकी हा फॉर्म पगारदार घर डोळ्यांसमोर ठेवून केलेला वाटतो. द्राक्षबागायतदाराचं उत्पन्न त्यात कसं बसवायचं?

अप्पांनी पहिल्यांदा आणला तो तहसीलदाराचा दाखला, वार्षिक उत्पन्न 96 हजार. सोबत पासबुक, त्यात मार्च 2023 मध्ये व्यापाऱ्याकडून जमा झालेले साडेअकरा लाख. आणि सातबारा, त्यावरच्या जमिनीची बाजारभावाने किंमत कोटीच्या घरात. तीन कागद, तीन वेगळी माणसं वाटावीत असे. अप्पांचा आग्रह होता की दाखलाच लावू, सरकारी शिक्का आहे. माझा आग्रह होता की सगळं लावू. फॉर्मवर एक आणि बँकेच्या कागदावर दुसरं दिसलं, तर अर्ज वाचणाऱ्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो. आणि खरं चित्र आपल्या विरोधात नव्हतंच.

दोन रविवार आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून हिशेब काढला. फवारणीच्या औषधांच्या दुकानाची बिलं, खतं, एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणीची मजुरी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज. व्यापाऱ्याच्या पट्ट्या आईने पिशवीत बांधून ठेवल्या होत्या. साडेअकरा लाखांतून खर्च वजा जाता हातात राहिले पावणेतीन लाख. त्याच्या पुढचा हंगाम उणे, कारण नोव्हेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात निफाड भागात गारपीट झाली आणि मणी तडकले. आम्ही तीन वर्षं शेजारी शेजारी मांडली, चांगलं वर्षही लपवलं नाही. सातबाऱ्यावर अप्पांसोबत काका आणि आजीचं नाव आहे, म्हणजे अप्पांचा वाटा एक तृतीयांश, आणि घराचं पोट चालतं ते याच जमिनीवर. हे सगळं एका पानाच्या पत्रात लिहिलं. पत्र ऋतुजाने लिहिलं, अप्पांनी मराठीत ऐकून दोन ठिकाणी दुरुस्त केलं, मग इंग्रजी प्रतीवर सही केली. अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी विनंतीवरून माफ झाली. तीही मागावीच लागते.

निबंधाबद्दल थोडंच सांगते. तिच्या पहिल्या खर्ड्यात फक्त गारपीट आणि वडिलांचे अश्रू होते. गरज सांगायला फॉर्म आहे, पत्र आहे. 650 शब्दांचा निबंध ती कोण आहे हे सांगण्यासाठी असतो. तिने तो पुन्हा लिहिला, आजीला स्मार्टफोनवर हवामानाचा अंदाज वाचायला शिकवताना दोघींची कशी भांडणं झाली त्यावर. वाचताना मी हसले, म्हणजे जमलं होतं.

मार्च 2025 च्या अखेरीस निकाल आले. नऊ अर्ज. सहा नकार, एक प्रतीक्षा यादी, दोन होकार. दोन्ही होकारांचे मदतीचे तपशील सोबत होते. एकात कॉलेजच्या हिशेबाने घरचा वाटा इतका होता की आम्हाला वर्षाला 19 हजार डॉलर कमी पडत होते, ते आम्ही बाजूला ठेवलं. दुसऱ्यात कुटुंबाने वर्षाला 3,800 डॉलर भरायचे होते, सव्वातीन लाखांच्या आसपास. विमानाचं तिकीट वेगळं.

1 मेपर्यंत होकार कळवायचा होता. अप्पा संध्याकाळी आले, औषधाच्या बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब करून आणलेला.

“हे पैसे एकदम भरायचे का?”

“दोन हप्ते असतात. ऑगस्ट आणि जानेवारी.”

ते बिलाकडे बघत राहिले. “जानेवारीत आमच्याकडे पैसा नसतो. माल फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “त्यांना विचारता येईल का मॅडम? महिन्याच्या हप्त्याने देतो म्हणावं. आणि मार्चमध्ये जास्त भरतो.”

ऋतुजाने तिथेच बसून मेल लिहिला.