आधी पोच घ्या, हायकोर्टाचं नंतर बोलू

मानखुर्दच्या एका वस्तीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. घर 2004 सालापासूनचं, पत्र्याचं. नळ नाही. पुढच्या गल्लीतला एक जण पाइप टाकून पाणी विकतो, पस्तीस लिटरचा कॅन वीस रुपयांना. रोज चार कॅन लागतात. म्हणजे महिन्याला 2,400 रुपये, आणि घरात कमावणारी एकटी ताई, दोन घरची धुणीभांडी करून. तीन वर्षं त्या महापालिकेच्या विभाग कार्यालयात फेऱ्या मारताहेत. दर वेळी एकच उत्तर मिळतं: ‘2000 सालाआधीचा पुरावा आणा.’ मध्यंतरी एका प्लंबरने ‘मी करून देतो’ म्हणून 12,000 रुपये घेतले. त्यानंतर तो दिसलेला नाही. आता शेजारची चार घरं सोबत यायला तयार आहेत आणि ताई विचारतात: ‘आमची झोपडी बेकायदा असेल तर आम्हाला पाण्याचा हक्क आहे का? आणि हायकोर्टात कधी जायचं?’

हक्क आहे. त्यावर पान खर्च करत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समिती या वस्त्यांच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या संघटनेच्या जनहित याचिकेत डिसेंबर 2014 मध्येच सांगून ठेवलंय की, झोपडी अनधिकृत असली तरी त्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. 1 जानेवारी 1995 नंतरच्या झोपड्यांना पाणी देऊ नका, असं सरकारचं 1996 पासूनचं फर्मान होतं. त्याच्या आधारे पाणी नाकारता येणार नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं. थोडक्यात, साल 1995 असो की 2000, खिडकीतला माणूस तुम्हाला ज्या कारणाने परत पाठवतो, ते कारण दहा वर्षांहून अधिक काळ मोडीत निघालेलं आहे.

मग अडलंय कुठे? तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती मी तीनदा वाचली: ‘अर्ज दिला होता, पण त्यांनी घेतला नाही, तोंडीच सांगितलं.’ ताई, सगळं प्रकरण या एका ओळीत अडकलंय. तुम्ही तीन वर्षं फेऱ्या मारल्यात, पण कायद्याच्या नजरेत तुम्ही अजून नळ मागितलेलाच नाही, आणि महापालिकेने तो नाकारलेलाही नाही. उद्या मी तुमची रिट याचिका घेऊन हायकोर्टात उभा राहिलो, तर न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न असेल: ‘मागणी कधी केली, नकार कधी मिळाला?’ सरकारी यंत्रणेला तिचं काम करायला लावणारा आदेश मागताना हे दोन्ही कागद लागतात. ते नसले की समोरचा वकील एका वाक्यात मोकळा होतो: यांचा अर्जच आमच्याकडे नाही. त्यावर कोर्ट तुम्हाला ‘आधी अर्ज करा’ म्हणून परत पाठवेल. वर्ष वाया जाईल, आणि त्या वर्षात अजून जवळपास 29,000 रुपये कॅनवाल्याकडे जातील.

मला राग येतो तो इथे, आणि थोडा तुमच्यावरही. प्लंबरला 12,000 रुपये रोख, चिठ्ठीचपाटीशिवाय द्यायला आपण तयार असतो. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागायला संकोच वाटतो. साहेब रागावतील, पुढचं काम अडवतील, ही भीती मी समजू शकतो. माझ्याकडे एक आजी यायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत अर्जांच्या सात प्रती घेऊन. सातही प्रती घडी घालून घालून मधोमध फाटायला आल्या होत्या. एकीवरही शिक्का नव्हता, एकीवरही तारीख नव्हती. आठवा अर्ज आम्ही दोघांनी मिळून आवक खिडकीवर दिला. कारकुनाने ‘साहेबांना दाखवून या’ म्हटलं. आम्ही म्हटलं, शिक्का द्या, मग दाखवतो. पाऊण तास थांबलो. शेवटी जांभळ्या शाईचा गोल शिक्का उमटला, त्यात हाताने लिहिलेला आवक क्रमांक आणि तारीख. आजींचं प्रकरण त्या दिवशी जन्माला आलं. त्याआधीचे सात अर्ज कुठल्याही कोर्टात मोजले जाणार नव्हते.

म्हणून अर्ज करा, पाच घरांचा मिळून एक. मुंबईत वस्त्यांना बहुधा गट जोडणीच मिळते, म्हणजे काही घरांना मिळून एक नळ, स्वतंत्र नळाचा हट्ट धरू नका. 2014 च्या निकालातही कायदेशीर घरांइतकंच आणि त्याच पद्धतीने पाणी द्या असं म्हटलेलं नाही. उलट महापालिकेला जास्त दर लावायची मुभा दिली आहे. जास्त दराला घाबरू नका. तुम्ही आज हजार लिटरला पावणेसहाशेच्या घरात मोजताय. वस्तीतल्या नळाचा महापालिकेचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे. तो दुप्पट लावला, चौपट लावला, तरी तुमच्या एका दिवसाच्या कॅनच्या पैशांत हजार लिटर मिळतील.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख, क्रमांक घ्या. घेत नसतील तर वाद घालू नका. त्याच दिवशी पोस्टात जा, विभागाच्या जलकामे खात्याच्या सहायक अभियंत्यांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच मागवा. पोस्टाची ती पावती आणि परत आलेली पोच कोर्टात चालते. अर्जात मागणी एकच ठेवा: गट नळजोडणी, ती शक्य नसेल तर जवळच्या ठिकाणी सार्वजनिक नळ. घर पाडण्याची नोटीस, शौचालय, गटार यातलं काही त्यात घालू नका. ते प्रश्न खरे आहेत, पण एका अर्जात चार मागण्या असल्या की चार टेबलं फिरून कागद हरवतो.

सोबत जे आहे ते जोडा: आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि लाइट बिल. लाइट बिल तुमच्याकडे असणारच. 2003 च्या वीज कायद्यात ताबा असणाऱ्याने मागितली तर वीज द्यायची असं कलमच आहे, म्हणून मुंबईतल्या वस्तीत मीटर आला आणि नळ आला नाही. पाण्याच्या बाबतीत तेवढं सरळ कलम असतं तर हे पत्र मला आलंच नसतं. 2000 आधीचा पुरावा नसेल तर नाही म्हणून लिहा. खोटी भाडेपावती जोडू नका. खऱ्या हक्काचं प्रकरण एका खोट्या कागदापायी बुडालेलं मी पाहिलंय.

आता मुदत. 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम सांगतो की अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेच्या अर्जाची पोच अर्जदाराला मिळालीच पाहिजे, आणि सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे. कोणत्या सेवेला किती दिवस, जबाबदार अधिकारी कोण, अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यात नळजोडणीसमोर किती दिवस लिहिलेत ते पाहा. तेवढ्या दिवसांत काही झालं नाही, किंवा नकार आला, तर तिथपासून तीस दिवसांत पहिलं अपील. उशिराचं सबळ कारण असेल तर नव्वद दिवसांपर्यंत घेतात, पण त्या भरवशावर राहू नका. त्यानंतर दुसरं अपील आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण टाळणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण अपिलाची नोटीस टेबलावर आली की फाइल हलते, हा माझा अनुभव. हे सगळं घड्याळ पोचेच्या तारखेपासून चालू होतं. पोच नसेल तर ते सुरूच होत नाही.

लेखी नकार हातात आला की दार उघडतं. कायमस्वरूपी लोकअदालत म्हणजे लोकोपयोगी सेवांचे वाद आधी समझोत्याने मिटवू पाहणारी यंत्रणा, आणि पाणीपुरवठा ही तिच्या कक्षेतली सेवा आहे. तिथे कोर्ट फी नाही, आणि समझोता झाला नाही तर ती स्वतः निकालही देऊ शकते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. म्हणून अर्ज तुमच्या नावाने जाऊ दे, घरातल्या कोणा पुरुषाच्या नाही. हायकोर्ट शेवटी. कारण सांगतो. ती जनहित याचिका 2012 सालची, निकाल डिसेंबर 2014 चा. महापालिकेचं धोरण आलं जानेवारी 2017 मध्ये, तेही अनेक वस्त्या वगळून. ‘सर्वांसाठी पाणी’ हे त्याहून व्यापक धोरण यायला 2022 उजाडलं. पाण्यासारख्या गोष्टीला दहा वर्षं! ज्या बाळाच्या दुधाची बाटली तेव्हा विकतच्या पाण्याने धुतली जायची, ते आज शाळेत जातंय आणि अजून कॅन उचलतंय.

बाकीच्या प्रश्नांवर मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाही. तुमची वस्ती कोणाच्या जमिनीवर आहे हे पत्रात नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. जिल्हाधिकाऱ्यांची जमीन असेल तर वाट सोपी, रेल्वे किंवा केंद्राच्या दुसऱ्या खात्याची असेल तर ना-हरकतीचा मुद्दा निघू शकतो. मुख्य जलवाहिनी किती लांब, दाब किती, हे अभियंता पाहून सांगेल. प्लंबरचे पैसे परत मिळतील असं म्हणवत नाही. मोबाइलवरून दिले असतील तर नोंद जपा आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या. त्यातले पैसे एखाद्या कर्मचाऱ्याला पोचल्याचा संशय असेल तर आधी वकिलाशी बोला. 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. मधल्या काळात जलवाहिनीला चोरून जोडणी करू नका, शेजाऱ्याने सुचवलं तरी.

आणखी एक. महापालिका तुमच्याकडून हमीपत्र घेईल. त्यात लिहिलेलं असेल की या नळजोडणीमुळे झोपडी कायदेशीर होत नाही आणि जमिनीवर हक्क सांगता येणार नाही. अनेक जणी ही ओळ वाचून मागे फिरतात. सही करा. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रता ठरते ती 1 जानेवारी 2000 आणि 1 जानेवारी 2011 या तारखांआधीच्या वास्तव्यावर. नळामुळे ती मिळत नाही आणि जातही नाही. फक्त कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका, कोणीही सांगितलं तरी.

गट जोडणीचं बिल एकाच्या नावाने येतं. एका घराने पैसे थकवले तर पाचही घरांचं पाणी तुटतं. म्हणून पाच जणींनी साध्या कागदावर वाटे लिहून सह्या करा. घर कोणी विकलं तर नवा माणूस किती देणार, तेही त्यात लिहा.

सोमवारी दोघी मिळून जा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं. शिक्का मिळाला की त्या प्रतीचा फोटो मला पाठवा, तारीख वाचता येईल असा.