दरडोई उत्पन्न पाचपट, म्हणजे राहणीमानही पाचपट?

प्रश्न असा आहे: दोन देशांचं दरडोई उत्पन्न डॉलरमध्ये मांडलं की एक देश दुसऱ्याच्या पाचपट श्रीमंत दिसतो. मग तिथलं राहणीमानही पाचपट चांगलं धरायचं का? नसेल, तर तुलना करायची कशी?

नाही धरायचं. त्या पाचपटीत तीन गोष्टींची सरमिसळ असते: चलनाचा दर, पैसा नेमका कुणाच्या हातात जातो, आणि सरासरी. त्या सुट्या केल्याशिवाय तो आकडा फारसं काही सांगत नाही.

आधी चलन. विनिमय दर ठरतो तो सीमेपलीकडे जाणाऱ्या माल-भांडवलावर. घरभाडं, केस कापणं, शिकवणी या गोष्टी सीमा ओलांडत नाहीत. श्रीमंत देशात कारखान्यातला कामगार तासाला जास्त माल काढतो, म्हणून त्याला पगार जास्त. मग केस कापणाऱ्यालाही त्या तोडीची कमाई व्हावी लागते, नाहीतर तो कात्री ठेवून कारखान्याची वाट धरेल. कात्री तीच, लागणारा वेळ तोच, दर मात्र कितीतरी पट. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ साली ही मांडणी स्वतंत्रपणे केली. परिणाम असा की विनिमय दराने मोजलेला गरीब देश आहे त्याहून गरीब दिसतो.

म्हणून राहणीमानासाठी क्रयशक्ती समानतेचे, म्हणजे पीपीपीचे आकडे घ्यायचे. तोच माल दोन्ही देशांत घ्यायला किती पैसे पडतात, त्यावरून यातला दर ठरतो. जागतिक बँकेच्या समन्वयाने देशोदेशींच्या किमती गोळा होतात. अलीकडच्या फेऱ्या २००५, २०११, २०१७ आणि २०२१ या वर्षांच्या. यात नुसतं 'तांदूळ' म्हणून भागत नाही. जात, दर्जा, वजन, सुटा की पाकिटातला, हे सगळं ठरवून मग भाव नोंदवतात. अडचण इथेच आहे. जी वस्तू एका देशात घरोघरी लागते ती दुसऱ्या देशात फक्त महागड्या दुकानात मिळते, आणि तिचाच भाव नोंदला गेला की तो देश उगाच महाग ठरतो. शिक्षक, परिचारिका अशा सरकारी सेवांचं मोल तर बहुतेक ठिकाणी पगारावरूनच काढावं लागतं. २००५ च्या फेरीचे निकाल आले तेव्हा चीन आणि भारत या दोघांचे पीपीपीतले आकडे आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्के खाली आले. एका रात्रीत कुणी गरीब झालं नव्हतं, मोजपट्टी सुधारली होती. त्यामुळे पीपीपीत दोन देशांमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक असेल तर मी त्यांना सरळ बरोबरीचे धरतो.

पीपीपी सगळीकडे चालवू मात्र नका. परदेशी कर्ज, आयात तेल, बाहेरून येणारी यंत्रं यांचे पैसे बाजारातल्या दरानेच मोजावे लागतात. तिथे विनिमय दरच खरा.

दुसरी गोष्ट, पैसा कुणाचा? जीडीपी, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, देशाच्या हद्दीत झालेलं उत्पादन मोजतो, तिथल्या घरांची मिळकत नव्हे. आयर्लंडचा २०१५ चा विकासदर पहिल्यांदा जाहीर झाला तो तब्बल २६ टक्के. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिथल्या हिशेबात आणल्याचा तो परिणाम होता. लोकांचे पगार काही एक चतुर्थांशाने वाढले नव्हते. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला हा फुगवटा वगळणारं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न वेगळं काढावं लागलं. लक्झेंबर्गची तऱ्हा निराळी. तिथले जवळपास निम्मे कामगार फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून रोज ये-जा करतात. त्यांनी केलेलं उत्पादन अंशात येतं, ते स्वतः छेदात येत नाहीत, आणि दरडोई आकडा आभाळाला टेकतो.

यावर उपाय म्हणजे निदान सकल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे देशातल्या रहिवाशांच्या वाट्याला आलेलं उत्पन्न, बघायचं. त्याहून चांगलं म्हणजे 'प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग'. यात घरांनी केलेला खर्च आणि सरकारने पुरवलेल्या आरोग्य-शिक्षणासारख्या सेवा दोन्ही धरतात. हे न केल्यास जिथे दवाखान्याचं बिल खिशातून भरावं लागतं तो देश जास्त 'उपभोग' करणारा दिसतो, आणि जिथे उपचार करांतून होतात तो मागासलेला. कामाचे तासही बघा: जर्मनीत माणशी वर्षाला साधारण १,३५० तास, अमेरिकेत १,८०० च्या आसपास. वार्षिक उत्पन्नातला बराचसा फरक तिथेच मुरतो, आणि सुट्टी ही राहणीमानात मोडतेच.

सरासरीबद्दल फार लिहीत नाही: मध्यक (सगळ्यांना उत्पन्नाच्या क्रमाने उभं केल्यावर मधोमध येणाऱ्याचा आकडा) मिळत असेल तर सरासरी वापरू नका. गिनी गुणांकाबाबत, म्हणजे विषमतेच्या मापाबाबत, मात्र एक चूक वारंवार दिसते. भारताचा नेहमी दिला जाणारा गिनी घरखर्चाच्या पाहणीवरून काढलेला आहे, ब्राझीलचा उत्पन्नावरून. श्रीमंत माणूस मिळकतीतला मोठा भाग शिलकीत टाकतो, त्यामुळे खर्चातली विषमता बहुतेक वेळा कमी दिसते. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'भारतात विषमता निम्मीच' म्हणणं म्हणजे एकाची उंची बुटांसकट आणि दुसऱ्याची अनवाणी मोजणं.

आता मानव विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून काढलेला संयुक्त राष्ट्रांचा आकडा. १९९० पासून तो प्रसिद्ध होतोय, पण आकड्याच्या पोटात काय आहे हे फार थोडे जण उघडून बघतात. एक काल्पनिक देश घ्या: आयुर्मान ७५, आजचं मूल शाळेत काढेल अशी अपेक्षित वर्षं १४, प्रौढांची सरासरी शालेय वर्षं ९, दरडोई राष्ट्रीय उत्पन्न पीपीपीनुसार १५,००० डॉलर.

आरोग्य (किमान २०, कमाल ८५ धरून): (७५ − २०) ÷ (८५ − २०) = ०.८४६.
शिक्षण (कमाल १८ आणि १५ वर्षं धरून): १४ ÷ १८ आणि ९ ÷ १५ यांची सरासरी = ०.६८९.
उत्पन्न: किमान १००, कमाल ७५,००० आणि लॉगॅरिदम; म्हणजे लॉग १५० ÷ लॉग ७५० = ०.७५७.
तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढलं की ०.७६१.

आता उत्पन्न दुप्पट, ३०,००० करा. निर्देशांक होतो फक्त ०.७९५. लॉगमुळे ५०० चे १,००० झाले काय नि १५,००० चे ३०,००० झाले काय, उत्पन्नाच्या घटकात भर सारखीच पडते. ७५,००० च्या वर तर काहीच भर नाही. हे मुद्दाम केलेलं आहे आणि मला ते पटतं. घनमूळाची पद्धत २०१० पासूनची. त्याआधी साधी सरासरी होती, त्यामुळे एका बाजूची कमतरता दुसरीकडून सहज झाकली जायची. क्रमवारीबद्दल एवढंच, की वेगवेगळ्या वर्षांच्या अहवालांतले क्रमांक जोडून 'देश चार पायऱ्या घसरला' म्हणू नका. जुनी आकडेवारी दरवेळी सुधारली जाते. कल हवा असेल तर एकाच अहवालातला मागच्या वर्षांचा तक्ता वापरा.

माझा जास्त भरवसा पैशात न मोजलेल्या गोष्टींवर आहे, त्यातही पाच वर्षांखालच्या बालमृत्यूवर. पाणी, पोषण, लसीकरण, रस्ता, आईचं शिक्षण, सगळं त्या एका दरात उतरतं आणि मूठभर धनाढ्यांमुळे तो फारसा हलत नाही. आयुर्मान वाचताना जपून. ५५ आयुर्मान म्हणजे माणसं पंचावन्नाव्या वर्षी मरतात असं नव्हे, बालमृत्यू जास्त असले की तो आकडा खाली ओढला जातो. कोस्टा रिकाचं उत्पन्न पीपीपीनेही अमेरिकेच्या निम्म्याहून कमी, तरी आयुर्मान तिच्यापेक्षा थोडं जास्तच आहे.

शाळेची वर्षं आणि शिकणं यांतही अंतर असतं. जागतिक बँक त्यासाठी वर्षांना चाचणीच्या गुणांनी काटते: १२ वर्षं शाळा आणि ६२५ पैकी ३७५ गुण, तर हिशेबात धरायची ७.२ वर्षंच.

पाण्याच्या आकड्यात व्याख्या बघा. स्रोत सुधारित असेल आणि रांगेसकट जाऊन येऊन अर्ध्या तासात पाणी मिळत असेल तर ती 'मूलभूत' सोय. 'सुरक्षित व्यवस्थापित' म्हणायला पाणी घराच्या आवारात, लागेल तेव्हा आणि दूषित नसलेलं हवं. एका देशाचा पहिला आकडा नि दुसऱ्याचा दुसरा घेऊन वाद घालणारे पुष्कळ भेटतात.

काळातली तुलना करताना स्थिर किमतींची, म्हणजे महागाई वगळलेली मालिका घ्या आणि आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून मोजणी होते ते) बदललंय का ते तपासा. नायजेरियाने २०१४ मध्ये आधारवर्ष १९९० वरून २०१० वर आणलं आणि जीडीपी कागदावर ८९ टक्क्यांनी वाढला, कारण मोबाइल सेवा, चित्रपट व्यवसाय हे जुन्या हिशेबात जवळजवळ नव्हतेच. गरिबीचंही तसंच: जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा २०२२ मध्ये रोजी २.१५ डॉलर झाली, २०२५ मध्ये ३ डॉलर. जुन्या रेषेवरची टक्केवारी नव्या रेषेवरच्या टक्केवारीशी जोडली की गरिबी वाढल्याचा भास होतो. बहुआयामी गरिबीच्या, म्हणजे आरोग्य, शिक्षण, राहणीमान यांतल्या उणिवांवरून मोजलेल्या गरिबीच्या, तक्त्यात तर प्रत्येक देशापुढे पाहणीचं वर्ष वेगळं असतं. कुणाची पाहणी ताजी, कुणाची दहा वर्षांपूर्वीची. टक्केवारीच्या आधी तो वर्षाचा रकाना वाचा.