रिमोटच्या पंख्यामागे जुना रेग्युलेटर ठेवू नका

नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा रिमोटने पाचवर नेला तरी रेंगाळतो, मधेच थांबून पुन्हा सुरू होतो आणि बोर्डावरचा जुना रेग्युलेटर अजून लाइनमध्येच आहे, असं तुम्ही लिहिलंय. पंखा परत करायची घाई करू नका. आधी तो रेग्युलेटर काढा.

साध्या पंख्याचा वेग रेग्युलेटर व्होल्टेज कमी करून उतरवतो. बीएलडीसी पंख्यात मात्र वेग आतला सर्किट बोर्ड ठरवतो, आणि त्याला पूर्ण, अखंड सप्लाय लागतो. जुन्या गोल बटणाच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून येणारी विजेची लाट कापलेली असते. त्यावर हा बोर्ड बंद-चालू होत राहतो आणि असंच चालवलं तर जळूही शकतो. 'रेग्युलेटर फुल्लवर ठेवला की झालं' असं बरेच वायरमन सांगतात. ते ऐकू नका. फुल्लवर ठेवलेलं बटण घरातलं कुणीतरी सवयीने फिरवतंच.

एमसीबी (मेन बोर्डावरचा, जादा करंटवर आपोआप पडणारा स्विच) पाडा, टेस्टरने खात्री करा आणि मगच बोर्ड उघडा. रेग्युलेटरला दोनच वायर असतात, आणि दोन्ही फेजच्याच: एक स्विचकडून आलेली, दुसरी पंख्याकडे गेलेली. त्या एकमेकींना जोडायच्या, तेही स्क्रूच्या कनेक्टरमध्ये. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली तर सांधा सैल पडून तापतो. न्यूट्रलला हात लावायचं कारण नाही. रिकाम्या जागी ब्लँक प्लेट बसवा.

बोर्ड उघडलाच आहे तर एक तपासणी करा. एमसीबी चढवा, पंख्याचा स्विच बंद ठेवा आणि छताजवळच्या दोन्ही वायरींना टेस्टर लावा. लख्ख पेटला, तर स्विच न्यूट्रलमध्ये आहे. जुन्या घरांत हे सापडतं. स्विच बंद असूनही पंख्यात फेज उभी राहते, म्हणून हे आधी वायरमनकडून सुधारून घ्या. पंख्याची हिरवी वायर अर्थिंगलाच जोडा. छताकडे अर्थिंगची वायर आलेलीच नसेल तर हिरवी वायर न्यूट्रलला जोडणं धोक्याचं आहे.

पंखा खाली उतरवलात तर रॉडचा बोल्ट नीट पाहा. नट आवळल्यावर स्प्लिट पिन आरपार गेली पाहिजे आणि तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवलेले हवेत. सरळ ठेवलेली पिन थरथरीने सरकते, मग नट सुटायला वेळ लागत नाही. रॉडच्या तोंडाशी वायरचं कव्हर घासलं गेलंय का, तेही बघा. हूकमधला रबरी बुश चिरला असेल तर बदला. पाती नीट असूनही पंखा डुलतो तो बऱ्याचदा त्यामुळे. पाती सेटने वजन जुळवून येतात, दोन पंख्यांची पाती मिसळू नका.

रिमोट जोडायची रीत कंपनीगणिक वेगळी. बहुतेकांत स्विच चालू केल्यावर काही सेकंदांत ठरावीक बटण बीप होईपर्यंत दाबायचं असतं. रिमोट रेडिओ लहरींवरचा असेल तर तो भिंतीपलीकडेही पोचतो, म्हणून जोडताना घरातले तशाच कंपनीचे बाकीचे पंखे बंद ठेवा, नाहीतर एका बटणावर दोन खोल्यांतले पंखे फिरतील. इन्फ्रारेड रिमोटला मात्र समोरून नेम लागतो.

एवढा व्याप करावा का? साधा पंखा साधारण 75 वॉट खातो, हा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात, आणि इन्व्हर्टरवर तो खूप जास्त वेळ टिकतो.

रेग्युलेटर काढल्यावर प्रत्येक स्पीडवर दहा-दहा मिनिटं चालवून पाहा. तरीही थांबत असेल तर बहुधा पंख्याचा सर्किट बोर्डच सदोष आहे, तो वॉरंटीत मागा. तक्रारीसोबत रेग्युलेटर काढलेल्या स्विचबोर्डाचा फोटो जोडा. सर्व्हिसवाल्याचा पहिला प्रश्न तोच असतो.