एडिंबऱ्याच्या गाडीवरचा ओरखडा

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघे मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो. एडिंबरा विमानतळावर यांच्या क्रेडिट कार्डावर गाडी भाड्याने घेतली आणि यांनीच चालवली. परतीचे विमान पहाटेचे होते, काउंटर बंद होता, म्हणून गाडी लावून किल्ली तिथल्या पेटीत टाकली. कोल्हापुरात परतल्यावर कार्डावरून ५९५ पौंड, म्हणजे जवळजवळ सत्तर हजार रुपये गेले. ओटीपीसुद्धा आला नाही. ई-मेलमध्ये हिशेब असा : मागच्या डाव्या चाकाची रिम १४५, मागचा बंपर बदलण्याचे ३९०, प्रशासकीय खर्च ६०. सोबत दोन फोटो. गाडी आमच्याकडून कुठेही घासलेली नाही. घेताना मुलीने व्हिडिओ काढला होता, तो पाठवते. जावई म्हणतात तिकडच्या कायद्याचे कलम ७५ लावा. इथे ग्राहक आयोगात जावे का?
– एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी सगळी नोकरी ठोकलेल्या गाड्यांपुढे उकिडवे बसण्यात गेली, त्यामुळे नजर आधी चाकांवरच जाते. मागचे डावे चाक व्हिडिओत क्षणभरच येते, पण रिमच्या कडेवर बोटभर पांढुरका पट्टा तिथेच दिसतो. कंपनीच्या फोटोतही ओरखडा त्याच जागी, व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आहे. शिवाय अ‍ॅलॉय रिम अ‍ॅल्युमिनियमची असते. ताजी घासली तर चकाकते, काही काळाने मंद पडते आणि ब्रेकची काळी भुकटी चऱ्यात जाऊन बसते. कंपनीच्याच फोटोत चरे काळे आहेत. हे १४५ पौंड तुमच्याकडून घेण्याचा त्यांना काहीही अधिकार नाही.

बंपरच्या बाबतीत मात्र तुमची बाजू थोडी लंगडी आहे. मुलीचा फोन गाडीच्या मागून भर्रकन फिरला आहे आणि त्यात काहीच नीट दिसत नाही. पण कंपनीच्या फोटोत नंबर प्लेट नाही, तारीख नाही. तो त्याच गाडीचा आहे हे कशावरून मानायचे? दुसरे म्हणजे रक्कम. उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या पेंटरला मी तो फोटो दाखवला. त्याने एकच विचारले, ‘साहेब, बदलायला काय फुटलंय ह्यात?’ फोटोत तडा नाही, कोपरा सुटलेला नाही. हे रंगाचे काम आहे. वरवरच्या ओरखड्यासाठी नव्या बंपरचे पैसे लावले, तर इथे मी ते एस्टिमेट तिथल्या तिथे परत पाठवले असते.

किल्ली पेटीत टाकली ही त्यांची सर्वात मोठी सबब असणार. काउंटर उघडून गाडी तपासेपर्यंत जबाबदारी ग्राहकाची, अशी अट बहुतेक करारांत असते. म्हणून गाडी नक्की किती वाजता तपासली आणि तोवर ती कुठे उभी होती, हे त्यांना आवर्जून विचारा.

आता पत्र. तुमच्या यजमानांच्या नावाने, शांत भाषेत, ई-मेलनेच लिहा. फोनवर बोलू नका. कराराचा क्रमांक द्या आणि नुकसान मान्य नाही असे पहिल्याच ओळीत लिहा. मग मागा : गाडी देतानाचा सहीचा तपासणी कागद, आधीचे आणि नंतरचे तारखेसह मूळ फोटो, गॅरेजचे तपशीलवार एस्टिमेट किंवा बिल, आणि ६० पौंडांचा खर्च करारातल्या कोणत्या कलमाने लावला ते. रिमचा व्हिडिओतला क्षण स्क्रीनशॉट काढून जोडा. उत्तराला १४ दिवस द्या. मुलीच्या फोनमधली मूळ फाइल पुसू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत फोन नोंदवतो ती तारीख-वेळ राहत नाही आणि चित्रही दाबले जाते.

१४ दिवसांत समाधान झाले नाही तर बँकेच्या कार्ड विभागाकडे ‘डिस्प्यूट’ नोंदवा. शाखेत खेटे घालून उपयोग नाही. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादाला साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँका आपला अर्ज त्याआधीच मागतात, म्हणून शेवटची तारीख आजच विचारून ठेवा. तक्रारीचा क्रमांक लेखी घ्या. आणि वाद चालू आहे म्हणून कार्डाचे बिल थकवू नका, नाहीतर व्याज आणि सिबिल दोन्ही अंगावर येतील. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते.

कंपनी ब्रिटिश व्हेइकल रेंटल अँड लीजिंग असोसिएशनची सदस्य आहे का तेही पाहा. असेल तर ही संस्था असे वाद मिटवण्यासाठी मध्यस्थी करते. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली हवी, म्हणून वरचे पत्र दुहेरी कामाचे आहे.

जावईबापूंचे कलम ७५ ब्रिटनमधल्या १९७४ च्या ग्राहक-पत कायद्यातले आहे. त्याने क्रेडिट कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते. ते तिथल्या बँकांनी दिलेल्या कार्डांना लागते, आपल्या बँकेच्या कार्डाला नाही. ग्राहक आयोगाचे म्हणाल तर २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण कोल्हापुरातला आदेश स्कॉटलंडच्या कंपनीकडून वसूल करणे फार कठीण. बुकिंग भारतातल्या एखाद्या एजन्सीमार्फत झाले असेल तर गोष्ट वेगळी. तसे असल्यास पावती पाठवा. माझ्या मते रिम आणि प्रशासकीय खर्चासाठी शेवटपर्यंत भांडा. बंपरसाठी त्यांनी तारखेचा फोटो आणि रंगकामाचे रास्त बिल दाखवले, तर तेवढ्यावर मिटवा.

प्रश्न : दिवाळीत इटलीला जातोय. काउंटरवर जादा विमा गळ्यात मारतात म्हणे. घ्यावा का?
– एक व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही डाव्या हाताने गिअर टाकणारे. तिथे स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची बाजू उजवी आणि जुन्या गावांच्या गल्ल्या चिंचोळ्या. पहिल्यांदाच जात असाल तर मी म्हणेन, घ्या. मूळ विमा असला तरी ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान तुमच्याच खिशातून जाते, आणि टायर, काच, छत, गाडीचा तळ हे भाग बऱ्याचदा त्यातून वगळलेले असतात. जादा विम्यात हे भाग येतात का, हे सही करण्याआधी वाचा. भारतात काढलेल्या प्रवास विम्यात भाड्याच्या गाडीचे कलम असेल तर तेही चालेल, फक्त तिथे पैसे आधी तुमच्या कार्डावरून जातात आणि भरपाई नंतर मिळते. आणि गाडी घेताना दिसलेला प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर चढवून घ्या. ‘एवढंसं लिहीत नाही आम्ही’ असे काउंटरवरचा माणूस म्हणाला, तर तो लिहीपर्यंत किल्ली हातात घेऊ नका.